काशीबाईच्या सासऱ्याची कमान

काशीबाईचा आवाज म्हशाच्या जत्रेतल्या भोंग्यालाही भारी, असं गावात सगळे म्हणायचे. अर्थात तिच्या पाठीमागे. घरपट्टी भरायला ती दरवर्षी पहिली, आणि ग्रामसभेत पुढच्या रांगेत ऐसपैस बसायचीही तीच.

त्या सभेत प्रश्न एकच होता. पट्टीच्या पैशातून ओढ्यावरचा मोडका साकव बांधायचा, की वेशीवर कमान? कमानीवर नाव लागणार होतं काशीबाईच्या सासऱ्याचं, गावच्या पहिल्या सरपंचाचं.

तिचा नवरा कुंडलिक कधी नव्हे तो उठला. "पट्टी सगळ्यांची हाय. ती आधी सगळ्यांच्या पायाखाली घाला, मग डोक्यावर."

"बसा हो खाली!" काशीबाई कडाडली. "बापाचा नाव लागतंय, त्याचाबी तुमाला सुख नाय!"

सभा खो खो हसली. कुंडलिक ओशाळून बसला. कमानीसाठी पहिला हात काशीबाईचा वर गेला, मागोमाग गावाचे.

कमान झाली, झेंडूच्या माळा लागल्या. पुढच्याच पावसाळ्यात, भाताच्या आवणीत, कुंडलिकच्या छातीत कळ आली. मुरबाडहून आलेली दवाखान्याची गाडी कमानीखालून दिमाखात आत शिरली आणि ओढ्याशी थांबली. साकव वाहून गेला होता. पलीकडे, घराच्या ओट्यावर, कुंडलिकचं डोकं काशीबाईच्या मांडीवर होतं. पाणी उतरलं तेव्हा गाडीची गरज उरली नव्हती.

यंदाही घरपट्टी तिनेच पहिली भरली. सभेत मात्र ती शेवटी, भिंतीला टेकून बसली. साकवाचा विषय निघाला तसा तिने हात वर केला.

"ह्यो हात माझा नाय, त्यांचा धरा," ती म्हणाली, इतक्या हळू की सरपंचाला पुन्हा विचारावं लागलं.