रूपालीचं खोटं मशीन

कसबा बावड्याच्या भाऊसो फिटरची रूपाली एकदा एखाद्या गोष्टीच्या मागं लागली, की तिला अडवणारा अजून जन्माला यायचा होता. कोल्हापुरातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत दोन वर्षं डेटा एंट्री करता करता, जेवणाच्या सुट्टीत ती प्रोग्रामिंग शिकली. दोन हजार पाच साली मालक उदयसिंह यांनी तिला पहिलं काम दिलं. कोडोलीच्या एका डेअरीतलं फॅट मोजायचं मशीन कॉम्प्युटरला जोडायचं आणि दूध घालणाऱ्याच्या हातात छापील चिठ्ठी द्यायची.

"पहिल्याच दिवशी घोटाळा झाला, तर परत डेटा एंट्रीला बसायचं बघ," त्यांनी बजावलं.

अडचण अशी, की मशीन कोडोलीत आणि रूपाली कोल्हापुरात. मग तिनं प्रोग्राममध्येच एक खोटं मशीन केलं. विचारलं की 'फॅट साडेसहा' एवढं ठरलेलं उत्तर ते द्यायचं. याला म्हणतात स्टब. चाचण्या धडाधड पास झाल्या.

"रूपे, खोट्या म्हशीचं दूध काढतीस व्हय?" ऑफिसातली पोरं खिदळली. तिला राग आलाच. पण त्याहून जास्त एक शंका छळू लागली. आपलं मशीन जरा जास्तच गुणी वागतंय.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या एसटीनं कोडोलीला गेली आणि मशीनला लॅपटॉप जोडून नुसती बघत बसली. मशीनवर आकाराम नावाचे पन्नाशीचे गृहस्थ होते. आकडा यायला उशीर झाला, की ते मशीनला एक सणसणीत चापट हाणायचे.

"मारताय कशाला, तात्या?"

"त्येला सवय लागलीया. चापट दिल्याबिगर बोलतच न्हाय की!"

चापट बसली की मशीन तोच आकडा दोनदा पाठवायचं. हे आकारामांच्या गावीही नव्हतं, कारण मशीनवर त्यांना आकडा एकदाच दिसायचा.

रूपालीनं परत येऊन खोट्या मशीनलाही चापट खायला, म्हणजे तोच आकडा दोनदा पाठवायला शिकवलं. जोडीला एक खोटा प्रिंटर केला. हा मॉक. तो छापायचा काहीच नाही. किती वेळा छापायला सांगितलं ते ध्यानात ठेवायचा आणि एकाच दुधाला दोनदा सांगितलं, की बोंब ठोकायचा. चाचणी चालवली, तर लाल, म्हणजे नापास! तिचा प्रोग्राम दोन चिठ्ठ्या काढत होता. रूपालीनं एका नोंदीला एकच आकडा घ्यायची अट घातली, तेव्हा कुठं चाचणी हिरवी झाली.

प्रोग्राम सुरू व्हायच्या पहिल्या दिवशी सकाळी डेअरीत चेअरमनसाहेब आणि उदयसिंह यांच्यासकट सगळे दाटीवाटीनं उभे. आकडा अडला. आकारामांनी हात उगारला. चापट बसली. चिठ्ठी आली, एकच.

"आणि एक हाणा," उदयसिंह म्हणाले. आकारामांनी जोरात हाणली. प्रिंटर गप्प.

"कुणी केलंय ओ हे?" चेअरमननी उदयसिंहांना विचारलं.

उदयसिंहांनी तोंड उघडायच्या आत रूपाली पुढं झाली.

"मी केलंय," ती म्हणाली.