कल्ल्यांनी खाल्लेली जागा

मासे मी खाते, आवडीने खाते. पण सकाळी चहाचा कप हातात असताना फोन उघडावा आणि अंगठ्याने फाकवलेला, रक्ताळलेला कल्ला समोर यावा, हे मला अजून सोसत नाही. आमच्या घरातल्या फोनांमध्ये तेव्हा दुसरं काही दिसतच नसे.

याचं मूळ सासूबाईंच्या गुडघ्यांत आहे. पूर्वी त्या स्वतः मिरकरवाड्याच्या मासळीबाजारात जायच्या आणि कल्ला उचलून आतला लाल रंग बघितल्याशिवाय साधा बांगडासुद्धा घ्यायच्या नाहीत. गुडघे धरले तशी मासळी सासरे आणू लागले, पण त्यांच्या नजरेवर सासूबाईंचा काडीचा विश्वास नाही. मग सासऱ्यांनी प्रत्येक वाट्यातला एक मासा उचलायचा, कल्ला उघडायचा, फोटो पाठवायचा आणि सासूबाईंनी ओटीवर बसून निकाल द्यायचा.

"काळपट दिसतोय ओ. बर्फातला असंल. नको, फुडं जावा."

सासरे पुढच्या मासेवालीकडे. तिथे पुन्हा कल्ला, पुन्हा फोटो.

माझा नवरा परदेशी जाणाऱ्या मालवाहू बोटीवर असतो. मुलगी जेमतेम दीड महिन्याची असताना तो गेला. जाण्याआधी त्याने घरातल्या सगळ्या फोनांचे फोटो एकाच अकाउंटला जोडले. घर एक, चूल एक, मग अकाउंटही एकच हवं, असा त्याचा हिशोब. बोट बंदराला लागली की तो ते उघडणार आणि त्याला पोरगी दिसणार.

"व्हॉट्सॲपवर नको पाठवू," मला बजावून गेला. "बोटीवर उघडत नाय, नुसता फोन भरतो. तू काढत जा, आपोआप वर जातील."

मी काढत गेले. मुलगी पालथी पडली, बसली, रांगली, जावळ काढलं, दोन दात आले. वर गेले ते मात्र कल्ले. कोकणातल्या सामाईक जमिनीचं होतं तेच झालं, नाव सगळ्यांचं आणि वहिवाट एकाची.

मला हे कळलं बऱ्याच महिन्यांनी, त्याचा कुठल्याशा बंदरातून फोन आला तेव्हा. मी हौसेने विचारलं, पोरगी कुणासारखी वाटते?

"तू फोटो टाकतच नाहीस गो," तो म्हणाला. "सुरवातीचे हायत, दुपट्यात गुंडाळलेली. बाबांचे मात्र ढिगाने आलेत. शेवटचे बांगडे काय होते! आईने तिखलं केलं असणार."

इतक्या दिवसांनी पाय जमिनीला लागले, धड नेट मिळालं, आणि हा माणूस मेलेल्या माशांचे कल्ले एकेक करून बघत बसला होता. मला त्याचीच शिसारी आली.

फोन नीट बघितला तर कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं की जागा संपली आहे, बॅकअप थांबला आहे. सासऱ्यांच्या फोनवरही ते रोज येत होतं. ते जाहिरात समजून बंद करत होते.

मी कल्ले पुसायला बसले. एकावर माशी, एकात कुणाचं काळं नख, एक तर इतका जवळून काढलेला की मी तो न बघताच पुसला. दुपारपर्यंत निम्मे काढले. ते सासूबाईंच्या फोनमधूनही गेले आणि घरात रणकंदन माजलं.

"कालचा कल्ला बघितल्याबिगार आजचा कसा कळायचा? नि पोराला तिकडं तेवढंच तर बघायला मिळतं."

नणंद वेळणेश्वरला दिलेली आहे. तिने फोनवरून सासऱ्यांना पुसलेलं परत कसं आणायचं ते शिकवलं. संध्याकाळी सगळे कल्ले जागच्या जागी. जादा जागा विकत घेऊ म्हटलं, तर नवऱ्याचं उत्तर, आल्यावर बघू. मी माझं वेगळं अकाउंट काढते म्हटलं, तर सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "आत्तापासनंच वेगळं व्हायचंय तुला?" आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. तोवर बोट बंदरातून सुटलीही होती.

नवरा परत आला त्या दिवशी भाऊ येणार म्हणून नणंद आली होती, लेकीला घेऊन. तिची लेक आमच्या मुलीहून दोनेक महिन्यांनी मोठी. दोघी ओटीवर खेळत होत्या. तो रिक्षातून उतरला, बॅग तिथेच टाकली आणि दोन ढांगांत येऊन त्याने एकीला उचललं. गालाला गाल लावला, छातीशी धरलं. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.

"नाक बघ आई," तो म्हणाला. "अगदी माझं."

नणंद खाली बघायला लागली. सासरे उगाच रिक्षावाल्याशी बोलायला गेले.

"ती ताईची," मी म्हटलं. "तुझी ही."

त्याने भाचीला खाली ठेवलं आणि हात पुढे केले. मुलगी भोकाड पसरून रांगत माझ्या पायांमागे गेली. त्याने हात मागे घेतले. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "फोटो टाकले असतेस तर ओळखलं असतं ना."

मी मुलीला कडेवर घेतलं आणि सगळ्यांदेखत, तिथेच ओटीवर बसून, माझ्या फोनवर वेगळं अकाउंट काढलं.