पेडलमधली शिट्टी

गिटारचा आवाज जरा फाटून, खरखरीत यावा म्हणून पायाशी एक डबी ठेवतात. तिला ओव्हरड्राइव्ह पेडल म्हणतात. चाळिशीत गिटार शिकायला लागले आणि वर्षभरानं ही डबी घरीच बनवायचं डोक्यात घेतलं. नेटवर सर्किट सापडलं, सुटे भाग पुण्याहून आणले, तीन रविवार खपून जोडणी केली. चालू केली तर गिटारच्या आधी तीच बोलायला लागली. खाली जाड गुणगुण आणि तिच्यावर बारीक, टोकदार शिट्टी.

गुणगुण ऐकून बाहेरच्या खोलीतून वडील उठून आले.

आबांचं बारामतीत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. सणसरपासून माळेगावपर्यंतची माणसं त्यांच्याकडं यायची. मीटर ते सगळ्यात शेवटी हातात घ्यायचे. आधी रेडिओला कान लावायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "कंडेन्सर गेलाय." तो गेलेलाच असायचा. पुढं सपाट टीव्ही आले, दुकान बंद झालं; पण जळोचीच्या आमच्या घरात आबांची सोल्डरिंगची कामं चालूच होती.

त्यांनी डबी उघडली. "गिटारकडनं येणारी वायर साधी टाकलीयस. हितं जाळीची वायर लागती. न्हायतर घरातली सगळी वीज हिच्यात बोलती."

मग डबीच्या पत्र्यावर बोट टेकवलं. गुणगुण निम्मी झाली. बोट उचललं, पुन्हा वाढली. आबा हसले. "बघ, मी धरली की गप बसती. पत्रा ग्राउंडला जोडलाच न्हायस तू."

जाळीची वायर घातली, पत्रा जोडला. आबांचा सोल्डरचा टाका अजून तसाच गोल, चकचकीत. चालू केलं. गुणगुण साफ गेली. शिट्टी मात्र होती तिथंच. आता एकटी राहिल्यामुळं थेट दातांत शिरत होती.

आबांनी स्पीकरला कान टेकवला, डोळे मिटले. आता दुसरा दोष सांगतील म्हणून मी वाट बघत राहिले.

"शांत," ते म्हणाले. "एकदम शांत. व्हय का न्हाय?"

शिट्टी त्यांच्या कानापासून बोटभर अंतरावर वाजत होती.

"हो आबा," मी म्हणाले. "गेला आवाज."

नंतर मी एकटीनंच शोधलं. अ‍ॅडॅप्टर काढून नऊ व्होल्टची बॅटरी लावली, तर शिट्टी बंद. दोष अ‍ॅडॅप्टरचा होता. मी गपचूप बॅटरीवर वाजवायला लागले. महिन्याभरानं आबांच्या नजरेला ती बॅटरी पडली.

"अ‍ॅडॅप्टर असताना बॅटरी कशाला?"

मी बॅटरी हातानं झाकली.

"शिट्टी मारत हुता का त्यो?"

"हो."

"त्या दिवशीबी?"

मी मान हलवली. आबा खुर्चीत बसले. "काम झालं न्हवतं, आन तू झालं म्हणलीस," ते म्हणाले. "मी तसंच सोडून उठलो. मला तवाच सांगायचं हुतंस, बाय."

ते चिडले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात त्यांना कानांच्या तपासणीला नेलं. काचेच्या खोलीत आबा हेडफोन लावून बसले, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला भराभर दाबत होते. मग काचेबाहेर बसलेली तपासणारी बाई एकेक आवाज शिट्टीसारखा बारीक करत गेली आणि आबांचा हात थांबला. ते डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकत होते. ती आवाज वाढवत होती आणि ते तसेच थांबून होते. एकदा काहीच वाजत नसताना त्यांनी बटण दाबलं आणि काचेतून माझ्याकडं बघितलं. मी हसले. दुसरं काय करणार?

कानाचं मशीन मिळालं, पण आबा त्यातून सगळं पत्र्यावर खडे पडल्यासारखं वाजतं म्हणतात आणि काढून ठेवतात.

परवा इंदापूरचं एक जुनं गिऱ्हाईक रेडिओ घेऊन दारात आलं. "आबा, तुमच्याशिवाय कुणाला कळणार?" आबांनी रेडिओ हातात घेतला. तो कानाशी नेला नाही. सदऱ्याच्या टोकानं त्याची धूळ पुसली आणि परत दिला.

"पुण्याला दाखवा," ते म्हणाले. "माझ्याच्यानं आता व्हायचं न्हाय."