बार उडवून टाकू

वसंतभाऊ फोन कानाला लावायचेच नाहीत. बशीतला चहा फुंकावा तसा तोंडासमोर आडवा धरायचे, स्पीकर चालू, आणि आमच्या डोक्यावरच्या बाल्कनीत उभे राहून नागपूरच्या धाकट्या भावाशी बोलायचे. बर्फ पडत असलं तरी. टोरोंटोतल्या आमच्या इमारतीत मराठी घरं दोनच, एक त्यांचं, एक आमचं. पण त्यांच्या भावाच्या मूळव्याधीची खबर अख्ख्या इमारतीला असणार, असं मला वाटे.

लॉन्ड्री रूममध्ये पहिल्यांदा भेटले तेव्हा मी म्हटलं, "अहो, जरा हळू बोलत जा. सगळं ऐकू येतं."

"ऐकू द्या ना बाई! चोरानं भ्यावं, म्या काहून?"

हे त्यांचं पालुपद. माझे मुलगा-सून दिवसभर ऑफिसात, नात मराठीला इंग्रजीतून उत्तर देणारी. अशात वरून ते वऱ्हाडी ऐकू आलं की कसं बरं वाटायचं, काय सांगू!

वसंतभाऊ विमानतळावर कार्गोत कामाला होते. तिथं आत जायचा पास गळ्यात घालूनच ग्रोसरी आणायचे. मी हसले तर म्हणाले, "हसता काय? मंगळसूत्र हाय हे माह्यं. हे तुटलं का संपलं." बायको मागेच गेलेली. मुलगी मंजिरी नर्स. तिचं लग्न मे महिन्यासाठी ठरलं, हॉल विमानतळाशेजारचा मिळाला, त्या दिवशी बाल्कनीतून आवाज आला, "मे महिन्यात बार उडवूनच टाकू! एअरपोर्टच्या बाजूलेच! असा बार उडवतो का टोरोंटो पाह्यत राहीन!" मी खाली भाजी निवडत होते. लग्नाचा बार उडवणं आपल्याकडे कोण म्हणत नाही?

दहशतवादाविरुद्धचा नवा कायदा आला त्यानंतरचा तो हिवाळा. वसंतभाऊंना एका सरकारी ऑफिसात बोलावलं. परत आले ते हसतच. "दोन साहेब होते. कॉफी पाजली. भावाशी काय बोलता म्हणे. मंग म्हणे, कोणता बार? म्हटलं, नो बार, सर, आय डोन्ट ड्रिंक!"

आम्ही दोघंही पोट धरून हसलो.

थोड्याच आठवड्यांत पास रद्द झाला. कारण, राष्ट्रीय सुरक्षा. याहून जास्त सांगता येत नाही, असं साहेब म्हणाले. पास नाही म्हणजे नोकरी नाही. आणि कार्गोतली माणसं, ज्यांच्यासोबत रोज डबा खाल्ला ती, फोन उचलेनात.

पास परत मिळावा म्हणून कोर्टात गेले. मीही सोबत गेले. तिथली तऱ्हा ऐका. न्यायाधीश बंद दाराआड सरकारचं ऐकणार, आणि ज्याच्याबद्दल ऐकायचं तो माणूस नि त्याचा वकील बाहेर बाकावर. आत एक वकीलबाई होती, आमच्या बाजूनं बोलायला नेमलेली म्हणे, पण आतलं ऐकल्यावर तिला आमच्याशीच बोलायची बंदी!

"माह्याबद्दल बोलून राहिले ना? मंग मले काहून बाहेर बसवलं?" वसंतभाऊ दाराकडे बघत म्हणाले. मग हळूच, "मंजूच्या लग्नाचा बार काई उडत नाई आता."

मी चटकन त्यांच्याकडे वळले. "वसंतभाऊ, ते साहेब कोणता बार विचारत होते?"

त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. दोन्ही हात तोंडावर गेले त्यांचे.

वकिलाला सांगितलं तर तो म्हणाला, असेलही. पण सरकारकडे हेच आहे की आणखी काही, ते मला विचारता येत नाही. तरी मी कोर्टापुढे शपथेवर सांगितलं, साहेब, आमच्यात बार उडवणं म्हणजे लग्न लावणं. न्यायाधीशांनी मान हलवली. निकाल विरुद्ध गेला. कारणं लिहिलेल्या जागी काळ्या पट्ट्या. आम्ही ज्याचं उत्तर दिलं तो प्रश्न तरी कोणी विचारला होता का, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

लग्न देवळात झालं, चार माणसांत. बाल्कनीचं दार बंद झालं ते झालंच. फोन फ्रिजमध्ये, मेथीच्या जुडीशेजारी, कोणी ऐकू नये म्हणून. भावाचा कधी आलाच तर कानाला घट्ट लावून, "बरं हाय. थंडी हाय." बस. एकदा मीच म्हटलं, "काय हो, चोरानं भ्यावं ना?"

"मी चोर नाई, मले माहीत हाय बाई. पण सांगू कोणाले? कोणत्या दारावर जाऊन सांगू?"

पुढच्या हिवाळ्यात गाडीभोवतीचं बर्फ फावड्यानं उपसताना कोसळले. हॉस्पिटलात पोचायच्या आतच गेले. मंजिरी हॉस्पिटलच्या कागदांवर सह्या करत होती, म्हणून नागपूरला फोन मी लावला.

"काय झालं ताई?"

अटॅक आला, असं ओठांवर आलं होतं. अटॅक. मी थबकले. फोनमध्ये नुसती खरखर. दुसरा शब्द शोधत राहिले, बाई, साध्या मरणासाठी.

"छातीत दुखलं... आणि गेले," मी पुटपुटले.

"मोठ्यानं बोला ना ताई!" भाऊ तिकडून ओरडत होता. "ऐकू नाई येऊन राहिलं!"