चुंबक लागलेला तारा

मुलांनो, भिंगारच्या घड्याळवाल्या काकांइतका घड्याळांवर विश्वास ठेवणारा आणि माणसांवर संशय घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. घड्याळ पुढे पळू लागलं की ते आधी गिऱ्हाइकाची उलटतपासणी घेत. "रेडिओवर ठेवलं हुतं ना? खरं सांगा. चुंबक लागलंय त्याला." दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळाला ते दोऱ्याने चिठ्ठी बांधत आणि तिच्यावर त्याचा स्वभाव लिहीत. माझ्या घड्याळाची चिठ्ठी होती, "संध्याकाळी सुस्तावते. रागावू नये." तुमच्या आजोबांनी ती हळूच माझ्याच पदराला बांधली होती.

काकांच्या स्वतःच्या खिशात त्यांच्या गुरूंनी दिलेलं घड्याळ असे. रोज सकाळी रेडिओच्या ठोक्यांशी ते ताडून पाहत. फरक पडला तर चूक रेडिओची. एकाहत्तर-बाहत्तर साली एका सकाळी मात्र ते चक्क सात सेकंद पुढे निघालं. काकांनी चुंबक उतरवलं, सगळं खोलून पुन्हा जोडलं. दोष सापडेना. चौथ्या दिवशी दुकान बंद. "बाई, ज्याला सोताचं घड्याळ कळंना, त्यानं लोकांचं उघडू न्हाई. श्रीरामपूरला लेकीकडं जातो आता."

मी तेव्हा शाळेत शिकवत होते. शाळेत येणारं एक इंग्रजी विज्ञान मासिक घेऊन मी त्यांच्या घरी गेले आणि मराठीत सांगू लागले. एक मेलेला तारा आहे, नगर ते राहुरीच्या अंतरात सहज मावेल एवढाच. सेकंदाला अकरा फेऱ्या घेतो, घड्याळासारखा नेमका. वेग अगदी हळूहळू कमी होत होता आणि एके दिवशी अचानक किंचित वाढला.

काका बांधलेल्या ट्रंकेवर बसले. "चुंबक आसतं का त्याच्यात?"

"प्रचंड."

"मंग तेच!"

"नाही काका. शास्त्रज्ञांना वाटतं, वरच्या कवचाला तडा गेला असेल."

"वाटतं? उघडून कुणी बघितलं?"

"इतक्या लांब कोण जाणार?"

"म्हंजे त्यांनाबी कळंना." काकांनी खिशातलं घड्याळ काढून कानाशी धरलं. मग म्हणाले, "आन् तरी दुकान बंद न्हाई केलं त्यांनी?"

"उलट, आता जास्तच बघत बसलेत."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. काकांकडे राहिलेलं मासिक परत आलं तेव्हा त्या पानाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली होती. शाळेला मी नवा अंक भरून दिला आणि तो चिठ्ठीवाला स्वतःकडे ठेवला.

काका जाऊन आता फार वर्षं झाली. पान पिवळं पडलंय. तुमचं पत्र यायला उशीर झाला की मी ते उघडते आणि काकांचं तिरपं अक्षर वाचते, "दोष सापडला नाही. चालू आहे. लक्ष असू द्यावे."