मडक्यातलं खारं पाणी

ती घटना आठवली की अजून जिभेवर खारट चव येते. दारूबंदीचे दिवस होते. फौजदार म्हणून मी कल्याणला नुकताच हजर झालो होतो. हिवाळ्यात सकाळी खाडीवरून असं धुकं चढायचं की समोरचा पहारेकरीही स्वप्नातला वाटायचा. त्या धुक्यात, हजेरीच्या वेळी, रस्त्यापलीकडच्या चिंचेखाली एक माणूस रोज ताठ उभा राहायचा. हजेरी संपली की मुकाट घरी जायचा.

तो आमच्याच ठाण्याचा जुना हवालदार. मुद्देमालाची खोली त्याच्या ताब्यात होती. डोंबिवलीच्या खाडीकाठी धाडीत पकडलेली दारूची मडकी तिथे ठेवली होती. पावसाळ्यात ओलीने त्यांची लाखेची सीलं सुटली आणि तपासणीत आत निघालं पाणी. हवालदाराने दारू विकून पाणी भरलं, असा ठपका बसला. खात्याची चौकशी होऊन शिक्षा झाली सक्तीच्या निवृत्तीची. पेन्शन कापलं गेलं, पोलीस लाइनीतली खोली गेली. त्यात बायको अंथरुणाला खिळलेली. अपील वरच्या कचेरीत पडून होतं. मला तो एकदाच म्हणाला, "साहेब, बाकीचं राहू द्या. ती जायच्या आत माझ्यावरचा चोरीचा डाग तेवढा पुसा."

मला त्याचं खरं वाटलं, पण वाटण्याला कायद्यात किंमत नसते.

मग एके दिवशी मारामारीत धरून आणलेला खाडीकाठचा एक आगरी गडी बाकावर बसून गालात हसताना दिसला. हवालदाराची गोष्ट त्याने शिपायांकडून ऐकली होती. मी दरडावून विचारलं तसा म्हणाला, "सायेब, त्या मडक्यान दारू नव्हतीच. वरती खाडीचा पानी ठेवतो आमी, तोंडाला दारूचा फडका बांधतो. माल खाली चिखलान. पोलीस वरचाच घेऊन जातान!"

आरोपीचं बोलणं अर्धं धरावं, अशी माझी रीत. मी मुद्देमालाच्या खोलीत गेलो. कोपऱ्यात एक मडकं उरलं होतं. बोट बुडवून जिभेला लावलं. मीठ! आमच्या आवारात गोड्या पाण्याची विहीर असताना मडकी भरायला खाडीवर कोण जाईल? तपासणाऱ्याला 'दारू आहे का' एवढंच विचारलं होतं, त्याने 'नाही' एवढंच कळवलं होतं.

धाडीचे पंच डोंबिवलीतले एक प्रतिष्ठित गृहस्थ. त्यांना बोलावलं.

"आत दारू होती हे कशावरून ठरवलंत?"

"अहो, वासावरून."

"वास तुम्ही स्वतः घेतलात?"

त्यांनी उपरणं सारखं केलं. "खरं सांगू साहेब? मी नाक झाकून लांब उभा होतो. आमच्याकडे असलं चालत नाही. धाडीवरचे साहेब म्हणाले दारू, मी सही केली."

हसावं की रडावं कळेना. सोवळ्याने एका माणसाचा संसार बुडवला होता. जबाब लिहून घेतला, अहवाल वर पाठवला. शिक्षा रद्द झाली. पण हुकूम पोचला तेव्हा हवालदाराची बायको गेली होती.

तो नोकरीबाहेर होता त्या मधल्या काळाचं काय, हा प्रश्न कचेरीत बरेच दिवस घोळला; तोवर त्याचं रुजू होणंही अडलं. मी पाठपुरावा सोडला नाही. शेवटी सगळा काळ कर्तव्यावर धरला गेला; पगार, ज्येष्ठता, पेन्शन, काहीही तुटलं नाही. मोठ्या आनंदाने मी त्याला हुकूम वाचून दाखवला.

तो म्हणाला, "म्हणजे साहेब, ती गेली तेव्हा मी ड्युटीवर होतो?"

"कागदावर, हो."

"सगळ्या नोकरीत सण नाही, आजारपण नाही, कधी घरी नव्हतो. ती कुरकुरायची. तेवढाच काळ तिच्या उशाशी बसलो, साहेब. तोही खात्याने घेतला."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अन्याय दूर झाला की माणसाचं हिरावलेलं परत मिळतं, असं मी तोवर समजत होतो. मिळतं ते नोकरीचं. हुकूम बदलणं शक्य नव्हतं आणि योग्यही नव्हतं. त्याचं म्हातारपण त्यावर उभं होतं.

दुसऱ्या सकाळी तो गणवेशात रांगेत उभा राहिला. मी त्याचं नाव पुकारलं. तो धुक्यातल्या चिंचेकडे बघत राहिला. मी पुन्हा पुकारलं, तेव्हा कुठे म्हणाला, "हजर."