इस्सातमामाच्या गाडीत तेल वाढतं

इस्सातमामानं आपला रेनडिअरांचा कळप माझ्या हवाली केला तेव्हा तो एकच शब्द बोलला, "सांभाळ." त्यानंतर त्यानं हिवाळी कुरणाकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, हे खरं. पण गुडघा बरा झाला तरी तो आला नाही. "या की मामा एकदा," असं मी म्हटलं की म्हणायचा, "पाहुणा म्हणून येऊ? माझ्याच रेनडिअरांना भेटायला?" मग कॉफीत चीजचा तुकडा बुडवायचा.

मामी गेल्यापासून तो नदीकाठच्या घरात एकटाच होता. शेजारी, टेकाडाच्या पलीकडे, मामीचा धाकटा भाऊ गाइवू राहायचा. तोही एकटाच. मामा रोज सकाळी त्याच्याकडे कॉफीला जायचा आणि दोघं भांडायचे. विषय लागत नसे.

त्या हिवाळ्यात मामाच्या बर्फावर चालणाऱ्या जुन्या टू-स्ट्रोक स्नोमोबिलनं कायमचा राम म्हटला. ती पेट्रोलबरोबर तेलही जाळायची. तेल कमी झालं की ओतायचं, एवढंच मामाला ठाऊक. मी आणि माझ्या नवऱ्यानं त्याला फोर-स्ट्रोक घेऊन दिली. मामानं तिच्याभोवती एक फेरी मारली.

"आवाज नाही, धूर नाही. ही चालू आहे की वारली, हे कळायचं कसं?"

दुकानदारानं सांगितलं, की हिचं तेल इंजिनात फिरत राहतं, जळत नाही, म्हणून ते तपासत जा. इंजिन थोडं चालवा, बंद करा, थांबा, तेल मापायची सळई बाहेर काढा, पुसा, परत बुडवा आणि बघा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. मामानं हे सगळं चर्चमध्ये ऐकावं तसं टोपी काढून ऐकलं. तेव्हापासून रोज सकाळी तो सळई काढून पुसायचा, पुन्हा बुडवायचा आणि चष्मा लावून बघायचा.

काही आठवड्यांनी तेल वरच्या खुणेच्याही वर गेलं.

मामानं कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं. आणखी थोडं वर. तेल कमी होत जातं हे त्याला माहीत होतं. आपोआप वाढणारी एकही गोष्ट त्यानं उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. म्हणजे कुणीतरी ओतत होतं, आणि असला माणूस जवळपास एकच होता. गाइवूला न सांगता उपकार करायची वाईट खोड होती. एकदा त्यानं मामाचं कुंपण परस्पर नीट केलं होतं आणि त्यानंतर कुंपणाचा विषय निघाला नाही असा एक सण गेला नाही.

मामानं तेलाच्या झाकणाला रेनडिअरच्या स्नायुतंतूचा बारीक दोरा गाठ मारून बांधला. झाकण फिरवलं की तो तुटणार. सकाळी दोरा जसाच्या तसा. मामानं तो स्वतः तोडला, सळई काढली, तर तेल वर.

त्या दिवशी मी सुकं मांस घेऊन गाइवूकडे गेले होते. मामा आत आला, टोपी न काढता बसला.

"गाइवू, माझ्या गाडीत तेल कोण ओततंय?"

"तेल?"

"झाकण न उघडता."

गाइवूनं माझ्याकडे पाहिलं. मी मांस कापत राहिले.

"दाजी, तुम्हाला बरं वाटतंय ना?"

"तू ओततोस."

"मी ओतलं असतं तर पहिल्याच दिवशी तुम्हाला सांगितलं नसतं का?"

मामा विचारात पडला. हा मुद्दा बिनतोड होता.

आम्ही तिघंही गाडीपाशी गेलो. गाइवू मामाच्या अंगणात उभा राहिला आणि त्याचा चेहरा खुलला. "दाजी, हा उतार आहे! उतारावर गाडी उभी करून तेल बघता? माझा कपसुद्धा इथं भरलेला दिसेल!" गाडी नदीच्या सपाट बर्फावर नेली. इंजिन चालवलं, बंद केलं, थांबलो. मामानं सळई काढली. तेल अजूनही वरच होतं, थोडंसं कमी इतकंच. मामाला बरं वाटल्यासारखं दिसलं.

गाइवूनं सळई हातात घेतली, नाकाशी धरली, मग बोटांत तेल चोळलं.

"हे तेल नाही. म्हणजे आहे, पण त्यात पेट्रोल शिरलंय. वास घ्या."

मामानं वास घेतला. मलाही दिला. पेट्रोलच होतं.

"तुम्ही गाडी किती लांब नेता?"

"तुझ्या घरी येतो. परत जातो."

"आणि?"

"आणि काय? दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो."

"मग बरोबर. एवढ्याशा अंतरात इंजिन तापतच नाही. थंड इंजिनात पेट्रोल नीट जळत नाही, ते खाली तेलात उतरतं. असंच चालवलंत तर तेलाचं पाणी होईल आणि इंजिन जाईल."

"म्हणजे मी तुझ्याकडे यायचं बंद करू?"

"तसं कोण म्हणालं!" गाइवू घाईघाईनं म्हणाला. "तेल बदलू. आणि तुम्ही मधूनमधून कुठंतरी लांब जात जा. इंजिन चांगलं तापू दे."

"लांब कुठं जाऊ?"

गाइवूनं माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं.

दुपारी गाइवूच्या शेडमध्ये त्यांनी जुनं तेल एका पातेल्यात काढलं. ते चहासारखं पातळ होऊन पडलं. नवा फिल्टर घातला, थंडीत न गोठणारं नवीन तेल भरलं, आणि सळई कुणी बघायची यावरून दोघांचं वाजलं. शेवटी दोघांनी बघितली.

दोन दिवसांनी मामा कुरणात हजर झाला. माझ्याशी नाही, माझ्या नवऱ्याशी नाही, गाडीशीच बोलत असल्यासारखा म्हणाला, "इंजिन तापवायला आलोय." गाडी घराकडे तोंड करून उभी केली आणि कळपाकडे पाठ करून बसला.

आमची नेमकी त्या दिवशी तारांबळ उडाली होती. पाऊस पडून गोठला होता आणि कुरणातलं सगळं दगडफूल, म्हणजे रेनडिअरांचं हिवाळ्यातलं खाणं, बर्फाच्या कवचाखाली अडकलं होतं. कळप तळ्यापलीकडे न्यायचा होता, पण रेनडिअर तळ्याच्या काठापर्यंत येत आणि फुटून मागे पळत. आम्ही दोन बाजूंनी गाड्या घालून पळवत होतो, ओरडत होतो. मामा बराच वेळ पाठ करून बसला होता. मग उठून माझ्याकडे आला.

"इंगा, ती गाडी बंद कर आधी. कळपाला हाकलून कुठं नेतेस? त्यांना कुणाच्या तरी मागं जायचं असतं."

त्यानं दोर घेतला, कळपातला म्हातारा, माणसाळलेला नर ओळखून त्याला बांधला, दोराचं टोक आपल्या गाडीला अडकवलं आणि चालत्या माणसाच्या गतीनं तळ्यावर निघाला. गाडी कुजबुजल्याइतकीच वाजत होती. नर मागोमाग गेला. त्याच्यामागं एक मादी, मग आणखी, मग सगळा कळप, एका लांब रेषेत. मामानं एकदाही वळून पाहिलं नाही.

पलीकडे तो गाडीवरून उतरला. रेनडिअर त्याच्या चहूबाजूंनी बर्फ उकरू लागले. तो त्यांच्यात बराच वेळ उभा राहिला आणि हातमोज्यानं चष्मा पुसत राहिला. थंडीत चष्मे धूसर होतात.

"जाड झालेत," तो म्हणाला.

त्याच्या तोंडून एवढं कौतुक मी पहिल्यांदाच ऐकलं.

मग तो दर आठवड्याला येऊ लागला, कारण नवीन तेलाची काळजी घ्यायला हवी होती. तेल दोन खुणांच्या मध्येच राहिलं. गाइवूची कॉफी मात्र एकट्यानं संपेना. शेवटी मामानं त्यालाही मागच्या घसरगाडीत बसवून आणलं, केटलीसकट. वसंतात कळप समुद्राकाठच्या उन्हाळी कुरणाकडे निघाला तेव्हा मामा सगळ्यांच्या पुढं होता. गाइवू मागून रस्ता चुकल्याचं सांगत होता. रस्ता चुकला नव्हता.

किनाऱ्यावर पोचल्यावर मामानं मला विचारलं, "उन्हाळ्यात पिल्लांच्या कानांवर मालकीच्या खुणा करायला माणसं कमी पडणार का?"

मी म्हटलं, "हो मामा, पडणार."

माणसं भरपूर होती.